हेवी लायसन हातात पडलं, पण भरलेली गाडी घाट उतरवायला कुणी शिकवलं?

पुण्यात नवले पुलावर मोठा अपघात झाला की पुढचे दोन दिवस सगळे ड्रायव्हरला शिव्या देतात. दारू प्यायला होता का, झोपला होता का, पळून गेला का, एवढंच विचारलं जातं. त्याला हा उतार उतरायला शिकवलं कुणी, हे मात्र कुणीच विचारत नाही. आमच्या घरात ट्रकचा धंदा आहे, सातारा-कराडकडच्या ड्रायव्हर लोकांत मी वाढलोय, म्हणून आज यावर सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

20 नोव्हेंबर 2022 ला याच उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्या उडवल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा तपासात पुढे आलं. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. गाडी आपोआप पळते, मग डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद पडलं की हवा भरणं थांबतं. पुढे प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली हवा उतरत जाते, स्टिअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये सोडली तरी गिअर गाडीला रोखत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, चाकातले ब्रेकचे ड्रम तापतात, ड्रमला घासून गाडी थांबवणारे लायनर पकडत नाहीत. दहा टायरची गाडी कायद्यात बसेल एवढाच माल भरला तरी साडेअठ्ठावीस टनांची होते. तिला ब्रेकने नाही, गिअरने धरायचं असतं. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. लोकांचा जीव वाचवणारं एवढं साधं ज्ञान, पण ते नव्या माणसाच्या पायात मुरवायची सोय आपल्या लायसनच्या व्यवस्थेत कुठे आहे?

आता कायद्यात काय आहे ते बघा. ट्रान्सपोर्टचं, म्हणजे धंद्याची गाडी चालवायचं लायसन काढायला वय 20 पूर्ण हवं. त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन असायला हवं. वैद्यकीय दाखला, शिकाऊ लायसन, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म पाचचं प्रमाणपत्र आणि मग आरटीओची चाचणी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार स्कूलचं प्रशिक्षण किमान 30 दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान 15 तास. पंधरा तास! तेही स्कूलच्या जुन्या, रिकाम्या गाडीवर, गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर. फॉर्म पाच कसा मिळतो, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. पैसे भरले की मिळतो, मुलगा स्कूलमध्ये किती वेळा आला याला महत्त्व नाही. सगळ्याच स्कूल अशा आहेत असं मी म्हणत नाही. मन लावून शिकवणारे मास्तर मी पाहिलेत. पण स्वस्तात कागद देणारा शेजारी बसला असेल तर मन लावून शिकवणाऱ्याकडे जाणार कोण?

चाचणीच्या दिवशी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, वळवली, की झालं. गाडी हलवता येते एवढं त्यातून कळतं. भरलेली गाडी थांबवता येते का, हे कळत नाही.

पूर्वी लायसनच्या आधी दुसरी शाळा असायची, ती म्हणजे क्लीनरकी. पोरगं गाडीवर जायचं, टायर ठोकून बघायचं, मागे बघून हाळी द्यायचं, वस्तादासाठी स्टोव्हवर भात टाकायचं. मोकळ्या रस्त्यावर रात्री वस्ताद त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचा. हे बेकायदेशीर होतं आणि त्यात पोरांची पिळवणूक होती. शिव्या, मार, न मिळालेला पगार, सगळं होतं. ती पद्धत परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट खरी आहे. ते पोरगं वर्षानुवर्षं खंबाटकी, कशेडी, आंबा घाट शेजारच्या सीटवर बसून उतरलेलं असायचं. कुठे गिअर पाडायचा, कुठे गाडी थांबवून ड्रम थंड होऊ द्यायचे, हे त्याच्या अंगात भिनलेलं असायचं. आता भाडी परवडत नाहीत म्हणून मालकांनी क्लीनर काढून टाकले. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत हा नियमही 2018 मध्ये गेला. म्हणजे जुनी शाळा बंद झाली आणि नवी उघडली नाही. मधल्या खड्ड्यात आज विशी-बाविशीतली पोरं एकटी कंटेनर घेऊन निघताहेत.

2019 मध्ये ट्रान्सपोर्ट लायसनसाठीची आठवी पासची अट सरकारने काढली. मला तो निर्णय पटला. शाळा सुटलेल्या गरीब पोराला रोजगार मिळावा, आणि गाडी चालवणं हे हाताचं कसब आहे. पण तेव्हाच सरकारने सांगितलं होतं की शिक्षणाची अट गेली तरी प्रशिक्षण आणि कौशल्याच्या चाचणीवर भर राहील. अट एका फटक्यात गेली. भर कुठे आहे?

त्यातल्या त्यात बरी गोष्ट 2021 ची. त्या वर्षी 1 जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. तिथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम 38 तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा. सिम्युलेटर, म्हणजे जागेवर बसून गाडी चालवायचा सराव देणारं यंत्र हवं, स्वतःचा चाचणी ट्रॅक हवा. तिथून पास झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट. दिशा योग्य आहे. पण हा मार्ग ऐच्छिक आहे आणि पंधरा तासांचा जुना मार्ग उघडाच आहे. सहा आठवडे घरी एक रुपया न देता, वर फी भरून, माण-खटावचा किंवा जत तालुक्यातला मुलगा शहरात राहणार कुठे आणि खाणार काय? माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय. प्रशिक्षणाचा खर्च आपण सगळ्यात गरीब माणसाच्या डोक्यावर टाकलाय. मालकाला तयार ड्रायव्हर हवा, माल पाठवणाऱ्या कंपनीला स्वस्त भाडं हवं, विमा कंपनीला फक्त वैध लायसन हवं. शिकवायचे पैसे कुणालाच द्यायचे नाहीत.

युरोपात व्यावसायिक ट्रकचालकाला लायसनशिवाय वेगळी पात्रता लागते. 2003 च्या त्यांच्या निर्देशानुसार पूर्ण प्रशिक्षण 280 तासांचं, झटपट मार्ग घेतला तरी 140 तासांचं, आणि नोकरीत असेपर्यंत दर पाच वर्षांनी 35 तासांची उजळणी. जर्मनीत तर ट्रकचालक होण्यासाठी तीन वर्षांचं प्रशिक्षण आहे, शिकाऊ असताना पगार मिळतो. हे दूरचं वाटत असेल तर लक्षात घ्या, 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या मनुष्यबळात बस-ट्रकचे चालकही धरले आहेत. तिकडे जाणाऱ्या आपल्या पोराला तिथले निकष पुरे करावेच लागतील. मग इथेच राहून आपल्या लेकराबाळांच्या शेजारून गाडी नेणाऱ्या पोराला पंधरा तास पुरेसे कसे?

आपल्याकडे उजळणी जवळपास नाहीच. धोकादायक माल वाहणाऱ्यांना तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी आहे, तेवढा अपवाद. बाकीच्यांचं ट्रान्सपोर्ट लायसन पूर्वी तीन वर्षांनी नूतनीकरणाला यायचं, 2019 च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांनी येतं. त्या वेळी वैद्यकीय दाखला बघतात. पण मधल्या काळात गाड्या बदलल्या, धुराचे बीएस-6 निकष आले, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आलं, नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर डझनभर दिवे आले. त्यातला कुठला दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, हे सांगायला कुणी येत नाही.

शिक्षा मात्र वाढवायला आपण तयार असतो. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली आणि जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हर संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा ते कलम थांबवलं. माणूस जखमी टाकून पळणं चूकच आहे, त्यात दुमत नाही. पण 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. एवढे जीव नुसत्या कैदेच्या भीतीने वाचणार नाहीत.

मला हवंय ते एवढंच. हेवी लायसनच्या आधी भरलेल्या गाडीवर, अनुभवी चालकाच्या शेजारी बसून, घाटातल्या चढ-उताराचा सराव सक्तीचा करा. तो कागदावर नको, गाडीच्या जीपीएस नोंदीवर तपासा. शिकणाऱ्याला विद्यावेतन द्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे, त्यात ट्रकचालकाला ठळक जागा करून द्या. खर्चात मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या आणि माल पाठवणारे कारखाने यांचा वाटा असू द्या. आणि जो मालक डिझेलच्या बचतीवर ड्रायव्हरला बक्षीस देतो, त्या मालकाने, ड्रायव्हरने उतारावर न्यूट्रल केली तर ते बक्षीस रद्द, हे आधी ठरवून सांगावं. डिझेल वाचवायचा दबाव वरून येतो, हे आम्हा धंदेवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

चाकण, रांजणगाव, शिरवळच्या कारखान्यांत डिस्पॅच बघणारे बरेच जण माझ्या यादीत आहेत. तुमच्याशी थेट बोलतो. गाडी गेटवर आली की तुम्ही आरसी, विमा, पीयूसी, लायसन बघता. सोबत ड्रायव्हरला एवढंही विचारा, की भाऊ, पुढे घाट आहे, भरलेली गाडी घेऊन कधी उतरलायस का? तो नाही म्हणाला तर त्याला एकट्याला सोडू नका. मालकाला फोन करून जाणता माणूस सोबत मागवा, त्यापायी गाडी दोन तास उशिरा निघाली तरी चालेल.