ऑक्टोबरात पक्षी बघायला किनाराच गाठायला हवा? सातारा-सांगलीकरांसाठी सविस्तर उत्तर

दसरा झाला की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. मजकूर साधारण असा: 'स्थलांतरित पक्षी बघायचे तर समुद्रकिनारा हाच एक पर्याय. घाटावर आणि दुष्काळी भागात काही येत नाही. ठाण्याच्या खाडीत ऑक्टोबरातच लाखो फ्लेमिंगो उतरतात, दिवाळीच्या सुट्टीत कधीही जा. आपल्याकडचे तलाव कडाक्याची थंडी पडेपर्यंत रिकामेच. मायणी तर कधीच संपली. जाताना शेव-गाठी न्या, पक्षी अगदी जवळ येतात.' खाली हात जोडलेले, आणि 'निसर्गप्रेमींपर्यंत पोचवा' अशी विनंती.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्या चुकीचा फटका खटाव-माण-आटपाडीच्या तलावांना बसतो. जिथं काही येतच नाही अशी सगळ्यांची खात्री झाली, तिथं काठावरचा मुरूम कोण उचलून नेतंय, पाण्यात बाटल्या कोण टाकतंय, हे विचारायला कोणी जात नाही. म्हणून एकेक वाक्य घेतो.

'स्थलांतरित पक्षी फक्त किनाऱ्यावर.'

पाणपक्ष्यांना मीठ लागत नाही. त्यांना उथळ पाणी, ओला चिखल आणि त्या चिखलातले किडे, अळ्या, गोगलगायी लागतात. किनाऱ्यावर ओहोटीला असा चिखल उघडा पडतो, दिवसातून दोनदा. आपल्याकडच्या तलावांत तो हंगामभर हळूहळू उघडा पडत जातो. पाऊस थांबला, पाणी उतरू लागलं की दर आठवड्याला काठाची एक नवी पट्टी मोकळी होते. पक्ष्यांच्या दृष्टीनं दोन्हीकडे ताट वाढलेलंच असतं.

सातारा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. पावसाच्या या तुटीमुळेच तिकडे तलाव बांधावे लागले. सपाट माळावर बांधलेला तलाव पसरट होतो, काठ लांबच लांब आणि उथळ राहतो. कोयनेसारख्या डोंगरांमधल्या खोल जलाशयावर चिखलात चालणारे पक्षी फारसे का दिसत नाहीत आणि खटावमधल्या येरळवाडी तलावावर का दिसतात, याचं उत्तर एवढंच आहे. ज्या भागाला आपण दुष्काळी म्हणून नावं ठेवतो, तोच या पक्ष्यांना सोयीचा पडतो.

आणि हे सातारा-सांगलीपुरतं नाही. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली, पाणथळ जागा कोणती? २०२० साली तो मान नांदूर मधमेश्वरला मिळाला. ते आहे नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे. ठाणे खाडीचा क्रमांक त्यानंतर, २०२२ मध्ये लागला. उत्तरेकडचे पक्षी भारतात येतात तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग हा काही किनाऱ्यावरून जाणारा हायवे नाही. सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया, तिबेट इथून निघालेले पक्षी रुंद आघाडीनं भारतभर पसरतात आणि जिथं खाणं मिळेल तिथं उतरतात.

काही पक्ष्यांसाठी मात्र किनाराच गाठावा लागतो, हे मान्य. कालवफोड्या, समुद्री गरुड, लाटेच्या मागेपुढे धावणारे वाळूवरचे छोटे पक्षी हे वडूजला भेटणार नाहीत. ते बघायला कोकणात जरूर उतरा. पण 'तिथंच' आणि 'तिथंही' यात मोठं अंतर आहे.

'ठाण्याच्या खाडीत ऑक्टोबरातच लाखो फ्लेमिंगो, कधीही जा.'

या वाक्यात दोन चुका आहेत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. तिथं हंगामात लाखाच्या वर रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मोजले गेले आहेत, हे खरं. पण तो हंगाम ऑक्टोबर नाही. थोडे पक्षी पावसाळ्यातही तिथं राहतात, मोठे थवे मात्र नोव्हेंबर-डिसेंबरपासून जमायला लागतात आणि गर्दी शिगेला पोचते ती जानेवारीनंतर, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. दिवाळीत लाखोंच्या आशेनं मुलाबाळांना घेऊन साताऱ्याहून खाडीकाठचं ऐरोली गाठणाऱ्याची निराशा होणार.

दुसरी चूक 'कधीही'. खाडीवर घड्याळ चालतं ते भरती-ओहोटीचं. ऐन भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी कुठंतरी मिठागराच्या बांधावर मान पंखात घालून बसून राहतात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब पांगतात की दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढत असताना किंवा उतरत असताना काठाशी थांबलात तर खरा सोहळा दिसतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात कुणी सकाळी आठला पक्षी पाहिले म्हणून तुम्हीही आठला जाणं उपयोगाचं नाही. कोकणातल्या कुठल्याही खाडीला हाच नियम लागू. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा. मेसेजमध्ये एवढी एक ओळ असती तरी कितीतरी लोकांचा प्रवास सार्थकी लागला असता.

'कडाक्याची थंडी पडेपर्यंत आपल्याकडचे तलाव रिकामे.'

सगळ्यात जास्त विश्वास ठेवला जातो तो या वाक्यावर, आणि सगळ्यात जास्त नुकसानही यानंच होतं. ऑक्टोबरसारखा महिना लोक घरी बसून घालवतात.

पक्षी साताऱ्यातला पारा बघून निघत नाहीत. उत्तरेत दिवस लहान व्हायला लागतो, पुढे पाणी गोठून खाणं बर्फाखाली जाणार असतं, आणि त्याच्या कितीतरी आधी ते वाटेला लागलेले असतात. आर्क्टिकच्या टुंड्रात घरटी करणारे चिखलपक्षी तर पिल्लं उडायला लागली की जुलैतच तिकडून हलतात. तेव्हा तिथंही उन्हाळाच असतो.

आपल्याच सणावारांच्या हिशेबानं बघा. नागपंचमीच्या आसपास ओढ्याकाठी हिरवी तुतारी आणि साधी तुतारी दिसायला लागते, शेपटी खालीवर हलवत एकेकटी. भोरड्यांचे पहिले थवेही श्रावणातच परततात. गौरी-गणपतीत घाटातल्या ओहोळांवर करडा धोबी हजर असतो, कासच्या वाटेवर फुलं बघायला जाणाऱ्या शेकडो लोकांच्या पायाजवळून तो उडतो आणि कोणी त्याच्याकडे बघत नाही. नवरात्रात तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा, झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास, तलावकाठी छोटा टिलवा. हा टिलवा वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. आर्क्टिकहून येऊन येरळवाडीच्या चिखलात टुकटुक चोच मारत फिरत असतो. दसरा-दिवाळीच्या दरम्यान थापट्या, चक्रांग, तलवार बदक उतरायला लागतात. ज्वारीच्या रानांवर आणि जत-आटपाडीच्या माळांवर भोवत्ये जमिनीला लागून तरंगताना दिसतात. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून आलेले हे शिकारी आपल्या शेतातले नाकतोडे वेचून खातात.

आता मुख्य गोष्ट. काही पक्षी आपल्याकडे मुक्कामाला येत नाहीत, आपल्यावरून पुढे जातात. युरोपियन नीलपंख मध्य आशियातून निघतो, पश्चिम भारतावरून जातो आणि हिवाळा आफ्रिकेत काढतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात थोडे दिवस तो माळावरच्या विजेच्या तारांवर दिसतो. ओळखायची खूण सोपी: आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तपकिरी-लालसर असते, याची डोक्यापासून पोटापर्यंत फिकट निळी. ठिपकेदार माशीमार हाही तसाच वाटसरू. नोव्हेंबरात ससाण्यांमधला अमूर ससाणा नागालँड-मणिपूरकडून निघून द्वीपकल्प ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे झेपावतो. जो माणूस 'थंडी पडू दे, मग जाऊ' म्हणतो, त्याला यातला एकही बघायला मिळत नाही. डिसेंबरात ते इथं नसतातच.

थंडीची गोष्ट खरी आहे ती पट्टकदंबांच्या बाबतीत. तिबेट-मंगोलियाकडचे हे हंस हिमालय ओलांडून येतात. उपग्रह-यंत्र लावलेल्या पट्टकदंबांपैकी एकाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली आहे. आपल्या तलावांवर ते नोव्हेंबर सरताना, बहुतेकदा डिसेंबरात दिसतात. चक्रवाकांची संख्याही थंडीतच वाढते. मोठे, ठळक, फोटोत भरणारे पक्षी तेव्हा असतात, म्हणून तोच हंगाम असा समज झाला. ऑक्टोबरातले पक्षी लहान आणि मातीच्या रंगाचे. त्यांच्यासाठी काठावर शांत बसावं लागतं, साधी का होईना दुर्बीण लागते.

राज्य सरकारनं २०२० पासून पक्षी सप्ताह ठरवला तो ५ ते १२ नोव्हेंबर. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. शाळांनी मुलांना तलावावर न्यायला हा आठवडा फार चांगला आहे. आलेले स्थिरावलेले असतात, जाणारे काही अजून सापडतात, आणि ऊनही सोसवतं.

'मायणी कधीच संपली.'

हे वाक्य वाचून वाईट वाटतं, कारण यात दुःखही आहे आणि आळसही. खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावाला पूर्वी रोहित पक्ष्यांमुळे नाव मिळालं. मग काही वर्षं ते आले नाहीत, कधी तलाव कोरडा पडला, कधी तुडुंब राहिला, आणि लोकांनी निकाल देऊन टाकला.

रोहित येतो की नाही हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. आपल्याकडे येतो तो मोठा रोहित. चिखल ढवळून त्यातले बारीक जीव गाळून खाणं ही त्याची पद्धत, आणि त्यासाठी पाय टेकतील एवढंच पाणी हवं. ठाणे खाडीत बहुसंख्येनं असणारा छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, त्याचा हिशेब वेगळा. चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव काठोकाठ भरला की मोठ्या रोहिताला तिथं उभं राहायला जागा उरत नाही. तो शेजारचा उथळ तलाव शोधतो. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी आता दुष्काळी पट्ट्यात फिरतंय. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही पिढ्यान्‌पिढ्यांची आस पुरी होणं आहे आणि त्याबद्दल कोणाही पक्षीमित्रानं तक्रार करू नये. पण पाण्याची पातळी बदलली की पक्ष्यांच्या जागा बदलतात, एवढं समजून घ्यायला हवं.

म्हणूनच एका तलावाकडे बघून निकाल देता येत नाही. मायणी, येरळवाडी आणि आसपासचे तलाव पक्ष्यांसाठी मिळून एक जागा आहेत. आज इथलं पाणी जास्त तर तिथं, तिथं माणसांचा त्रास तर आणखी पलीकडे. २०२१ मध्ये सरकारनं मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला तो तलावांचा समूह धरूनच. जी जागा संपली असं आपण एकमेकांना सांगतोय, तिला कायद्यानं नवं संरक्षण मिळालं आहे आणि मेसेज पाठवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

रोहित नाहीत म्हणजे पक्षी नाहीत, हाही हट्ट सोडायला हवा. चित्रबलाक, चमचा, तिन्ही प्रकारचे शराटी, हळदीकुंकू बदक, नदी सुरय, शेकडो चांदवे असलेला तलाव रिकामा कसा? काठावर मासे धरणाऱ्यांना विचारा. येरळवाडीला एका काकांनी जाळं झाडता झाडता मला सांगितलं होतं, "पाणी उतरलं की चिखलात ती बारकी येत्यात बघा, लांब चोचीची. गाडीवाली मानसं गुलाबी हायत का इचारत्यात आन् निघून जात्यात." त्यांचं निरीक्षण कुठल्याही फॉरवर्डपेक्षा पक्कं होतं.

सांगलीकरांना तर इतकंही लांब जायला नको. पूर ओसरल्यावर कृष्णाकाठी, हरिपूरच्या संगमाच्या वरखाली, वाळूचे आणि गाळाचे पट्टे उघडे पडतात. सकाळी तिथं धोबी, तुतारी, चिखल्या हमखास असतात. विट्याहून मायणी तासाभराच्या आत आहे. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, वडूज असं गेलात तर सूर्य वर येण्याआधी येरळवाडीला पोचता येतं, फक्त अंधारात निघायची तयारी हवी. ऊन पाठीशी राहील अशा काठावर बसा.

'शेव-गाठी न्या.'

कृपा करून नेऊ नका. कुरव पक्षी (सीगल) तळलेल्या पदार्थांवर झडप घालतात हे खरं, फोटोही छान येतो. पण त्यांचं खाणं मासे, किडे, खेकडे. बेसन, तेल आणि मीठ नव्हे. सांडलेल्या फरसाणावर कुत्री जमतात, आणि एकदा कुत्र्यांना काठाची चटक लागली की ती तिथंच वावरतात. मग चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाच मिनिटं स्वस्थता मिळत नाही. टिलवा, तुतारी, पाणटिवळा हे तर शेव खातही नाहीत. त्यांना आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते: अंतर.

उडणारा थवा फोटोत यावा म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे, वरून ड्रोन फिरवणारे मी पाहिले आहेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावरची चरबी संपलेली असते. पुढे जायचं असेल तर ती काही दिवसांत पुन्हा साठवावी लागते. काही चिखलपक्षी लांबच्या उड्डाणाआधी वजन जवळजवळ दुप्पट करतात. दर वेळी उठवलं की खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेलं खर्च होतं. काठापासून मागं बसा, गडद-मातकट कपडे घाला, गाडीचं गाणं बंद ठेवा. तुम्ही अर्धा तास हललाच नाहीत तर तेच तुमच्या दिशेनं चरत येतात.

हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर त्याखाली चार ओळी लिहा: येरळवाडी आणि मायणीला ऑक्टोबरातही जा, खाडीला जाणार असाल तर भरती बघून जा, फ्लेमिंगो जानेवारीनंतर, आणि शेव घरीच ठेवा.