मेल मेलं

सोमवारी सकाळी सव्वानऊला अण्णांचा फोन. "मेल मेलं."

अण्णा म्हणजे इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकाचे अकाउंटंट. त्यांचा मुंबईत भाड्यानं ठेवलेला मेल सर्व्हर शनिवारी रात्रभर जागून मीच कडेकोट केला होता. पोटात गोळा आला.

पोचलो तेव्हा अण्णा वेबमेलमध्ये पासवर्ड टाकत होते. मोठ्यानं, एकेका अक्षराचा उच्चार करत. चहावाला पोऱ्या शेजारी उभा राहून मान डोलावत होता. त्यालाही पाठ असावा.

"अण्णा, पासवर्ड असा मोठ्यानं म्हणू नये."

"मनात म्हटलं की चुकतोय. तू शनिवारी केलंस काय?"

"चोर येऊ नये म्हणून बंदोबस्त."

"चोर आलावता?"

"नाही."

"मग अडवतोय कुणाला?"

"ओळख पटत नसेल त्याला."

"पंचवीस वर्षं हितं हाय मी," अण्णा स्क्रीनकडे बघत म्हणाले. खरोखर दुखावले होते.

पासवर्ड बरोबरच होता. तपासून घेतला, डव्हकॉटनं, म्हणजे सर्व्हरवर मेलपेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं, निमूट पास केला. पण वेबमेलवरच्या प्रयत्नांची त्याच्या लॉगमध्ये एकही ओळ नाही. पासवर्ड चुकला असता तर नोंद तरी झाली असती. इथे कुणी दारापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणजे वाटेत एसईलिनक्स, सर्व्हरवरच्या कुठल्या प्रोग्रामनं काय करायचं यावर पहारा ठेवणारा लिनक्समधला रखवालदार. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्यानं 2000 साली हे जगाला फुकट दिलं. हेरखात्यानं फुकट दिलेली वस्तू घरात घ्यावी का, हा प्रश्न मला शनिवारी पडायला हवा होता. तोवर ते नुसतं कुरकुरत असे, अडवत नसे. अडवायला मीच सांगितलं.

मी ऑडिट लॉग, म्हणजे या रखवालदाराची नोंदवही, उपसत असताना अण्णांनी ऑफिसच्या वायफायवरून मोबाइलवर मेल जोडायला घेतलं. जीमेलचा पासवर्ड, बँकेचा, मुलीचा. दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की फेलटूबॅन हा सर्व्हरवरचा दुसरा पहारेकरी तो इंटरनेटवरचा पत्ता हद्दपार करतो, आणि अख्ख्या ऑफिसचा बाहेरचा पत्ता एकच. मूळची 10 मिनिटांची शिक्षा मी मोठ्या उत्साहानं 1 दिवसाची केली होती. आता सगळ्यांचंच आउटलुक बंद पडलं. मालक केबिनमधून बाहेर आले. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले.

अखेर ओळ सापडली: डिनाइड, पीएचपी-एफपीएम, 993. म्हणजे वेबमेल चालवणारा प्रोग्राम डव्हकॉटच्या 993 नंबरच्या दाराकडे निघाला आणि वाटेतच अडवला गेला. वेब सर्व्हरला कुठंही जोडणी करायची परवानगीच नव्हती. एक स्विच, 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट'. तो ऑन केला, एंटर दाबलं, आणि त्याच क्षणी माझी स्क्रीन गोठली. अण्णांनी राउटरचा प्लग उपटला होता.

दोन मिनिटांनी राउटर उठला आणि सगळ्यांच्या मेल धडाधड उतरल्या. वेबमेलही उघडलं.

"बंद-चालू केलं की हुतंय सगळं," अण्णा म्हणाले. टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

चीड याची की आउटलुकपुरतं अण्णांचं बरोबर होतं. राउटरला नवा पत्ता मिळाला, बंदी जुन्याला चिकटून राहिली. हे मी मालकांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे अण्णांनीच केलं ना?"

बिलात 'सर्व्हर कडेकोट करणे' या ओळीसमोर पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आलंय. अख्ख्या रात्रीची झोप गेली, त्यावर प्रश्नचिन्ह! परवा बिलाची आठवण करायला गेलो, तर राउटरवर जास्वंदीचं ताजं फूल होतं.