सांडव्यावर गोण्या रचू नका: मातीच्या धरणांवरच्या एका मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की मुरबाड-शहापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'मातीच्या धरणाला घाबरू नका' असा एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. लिहिणाऱ्याची नियत चांगली आहे. चिपळूणकडचं तिवरे धरण फुटल्यापासून धरणाखालच्या वाड्यांतली माणसं जोराच्या पावसात नीट झोपत नाहीत, त्यांना धीर द्यावा असा त्याचा हेतू दिसतो. पण त्यातल्या सहा मुद्द्यांपैकी एक अर्धा खरा आहे, आणि दोन तर असे आहेत की गावाने ते मनावर घेतले तर धडधाकट धरणही धोक्यात येईल. सुरुवात त्या दोहोंपासूनच करतो.

'सांडव्यावर दोन फूट वाळूच्या गोण्या रचा, उन्हाळ्यात टँकर लागणार नाही.'

हा मोह कुठून येतो ते कळतं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची. अशा ठिकाणी सांडव्यावरून डोळ्यांदेखत पाणी वाहून जाताना पाहवत नाही. तरीही गोण्या नकोत.

गावतलावाला मोठ्या धरणासारखे दरवाजे नसतात. तलाव भरला की जादा पाणी बाहेर काढायला सांडवा ही एकच वाट, आणि ती कोणी रात्री उठून उघडावी लागत नाही, हाच तिचा मोठा गुण. सांडव्याच्या पातळीपासून भरावाच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, माथ्यापर्यंत जी मोकळी उंची दिसते ती 'उगाच सोडलेली जागा' नव्हे. पुराच्या वेळी सांडव्यावरून किती जाडीचं पाणी वाहील, त्यावर लाटा किती उसळतील, भराव काळानुसार किती खचेल, हे सगळं धरून ती ठेवलेली असते.

आता हिशेब. समजा सांडवा ३० मीटर रुंद आहे आणि त्यावरून १.२ मीटर जाडीचं पाणी जाईल असं गृहीत धरलं आहे. ढोबळ सूत्राने तो सेकंदाला साधारण ६७ घनमीटर पाणी बाहेर टाकतो. त्यावर ६० सेंटिमीटर गोण्या रचल्या. लोकांना वाटतं क्षमता निम्मी झाली. तशी ती होत नाही. वाहणारं पाणी उंचीच्या दीडाव्या घाताने बदलतं, त्यामुळे निम्मी उंची अडवली की उरते जेमतेम ३५ टक्के क्षमता, म्हणजे सेकंदाला २४ घनमीटरच्या आसपास.

दुसरीकडे येणारं पाणी बघा. पाणलोट ४ चौरस किलोमीटरचा असेल, जमीन आधीच भिजलेली असेल आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे दोन लाख घनमीटर पाणी तलावाकडे निघतं. तलावाचं पाणी २० हेक्टरवर पसरलेलं असेल तर बाहेर काहीच गेलं नाही असं धरून पातळी एक मीटर चढेल. अशा पावसाची कल्पना करायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली.

'पूर आला तर गोण्या आपोआप वाहून जातील' असंही कोणी म्हणतं. काही जातील, काही तिथेच अडकतील, त्यांत झाडाच्या फांद्या येऊन अडतील. त्या रात्री दोन वाजता सांडव्यात उतरून गोण्या ओढायला कोण जाणार आहे, त्याचं नाव आधी ठरवा आणि मग पुढे बोला.

माथ्यावरून पाणी गेलं की मातीच्या धरणाला फारसा वेळ मिळत नाही. पाणी खालच्या उतारावरचा मुरूम कापत सुटतं, घळ वर वर सरकते आणि माथा तुटतो. गुजरातेत मोरबीजवळच्या मच्छू-२ धरणावर ११ ऑगस्ट १९७९ ला हेच झालं: पूर सांडव्याला पेलवला नाही, पाणी मातीच्या भरावावरून गेलं.

साठा वाढवायचाच असेल तर गाळ काढा, त्यासाठी सरकारी योजनाही आहे. फक्त जेसीबीवाल्याला भरावाच्या पायथ्यालगत खणू देऊ नका. 'इथली माती चांगली चिकण आहे' म्हणून तो नेमका तिथेच जातो.

'भरावावर झाडं लावा, मुळं माती धरून ठेवतात.'

डोंगरउतारावर हे खरं आहे. धरणाच्या भरावावर उलट. जुलैतल्या वनमहोत्सवात भरावावर रोपं लावून फोटो काढण्याची जी हौस आली आहे ती आवरायला हवी. मूळ जिवंत असेपर्यंत आत शिरतं, झाड मेलं की कुजतं आणि त्याच्या जागी आरपार पोकळ वाट राहते. वादळात मोठं झाड उन्मळलं तर भरावातच खड्डा पडतो. शिवाय झाडोऱ्यात ओल दिसत नाही, बिळं दिसत नाहीत. भरावावर हवं ते आखूड गवत. हरळी उत्तम.

जुनी मोठी झाडं असतील तर उत्साहाच्या भरात ती पावसाळ्यात उपटू नयेत. बुंधा-मुळं काढून झालेला खड्डा थर देऊन, धुमसून भरावा लागतो. ते काम उन्हाळ्यात आणि अभियंत्याच्या नजरेखाली.

'पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच.'

अर्धा खरा मुद्दा तो हा. भरावाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो, दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण. गाभा पाणी पूर्ण थांबवत नाही, हळू करतो. आत आलेलं पाणी गाळणीच्या थरांतून सुखरूप खालच्या चरात यावं अशी रचना असते. म्हणून चरात नितळ, एकसारखं पाणी दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

मेसेज इथे थांबतो, आणि कामाचं पुढेच आहे. पाणी गढूळ आहे का? गढूळ असेल तर आतली माती बाहेर येते आहे, म्हणजे भरावात बोगदा तयार होतो आहे. काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा, तळाशी साका बसला तर लगेच कळवा. बादली भरायला किती सेकंद लागतात ते आठवड्याला लिहून ठेवा. तलावाची पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली तर तेही कळवा. जागा कोणती हेही महत्त्वाचं. विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी गरजेप्रमाणे सोडायच्या, पाइपालगत पाणी निघत असेल तर सर्वांत वाईट, कारण पाइपाशेजारी माती नीट दाबली जात नाही. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं त्याचं मूळही विमोचकाच्या बांधकामापाशीच होतं.

आणि खालच्या बाजूने चिखल किंवा सिमेंट कोंबून गळती 'बंद' करू नका. पाणी आत अडतं, दाब वाढतो, दुसरीकडून फुटतं. आधी वाळू, वर खडी, वर दगड असा थर टाकायचा. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. वाळूच्या गोण्यांचा साठा करायचा तर तो यासाठी. गळती बळावत असेल तर विमोचक उघडून पातळी उतरवायची, तीही टप्प्याटप्प्याने. एकदम उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. वाडी रिकामी करायला मात्र यातल्या कशाची वाट पाहायची नाही.

'तिवरे खेकड्यांनी फोडलं.'

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांचं नाव घेतलं, आणि ठाण्यात विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन नौपाडा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायला गेले. हसून झालं. बिळांनी भराव पोखरला जातो हे खरं आहे. खेकडे, उंदीर, घोरपडी सगळेच पोखरतात. म्हणून तर पावसाळ्याआधी आणि नंतर भराव पायी फिरून बघायचा असतो आणि बिळं बुजवायची असतात. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या असताना खेकड्याला आरोपी करणं म्हणजे पाहणी कोणी करायची होती तो प्रश्न टाळणं.

'चाळीस पावसाळे काढलेलं धरण फुटत नाही.'

पानशेत पहिल्याच भरण्यात फुटलं, त्यावरून हा समज आला असावा. पहिली भरती धोक्याची असते, बरोबर. पण तिवरे नवं नव्हतं. चाळीस वर्षांत भराव खचतो, माथा मधोमध दबून खोलगट होतो, विमोचकाचा पाइप गंजतो, सांडव्याच्या चरात कोणीतरी भाताचं खाचर करतो.

'तलाव लहान, फुटला तरी गुडघाभर पाणी.'

दहा लाख घनमीटरचा तलाव लहानच म्हणतात. ते शंभर कोटी लिटर पाणी आहे, आणि घळ पडली की ते ओढ्याच्या अरुंद पात्रातून उतरतं. ओढ्याकाठीच घरं असतात.

तलाव लहान असण्याचा खरा तोटा कागदावर आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना लांबी, साठा, पूर अशा काही अटींवर. त्याखालचे गावतलाव आणि पाझर तलाव या कायद्याच्या सक्तीच्या पाहणीत येतच नाहीत. ते कुठे जिल्हा परिषदेकडे, कुठे मृद व जलसंधारण खात्याकडे. आपला तलाव कोणाकडे आहे, शेवटची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि अहवालात काय लिहिलं, हे १ मेच्या ग्रामसभेत विचारा. इतिवृत्तात नोंद करून घ्या. तोंडी उत्तर मिळालं तर तेच २ ऑक्टोबरला पुन्हा विचारा. तेव्हा तलाव भरलेला असतो आणि गळती दाखवायला साहेबांना भरावावरच नेता येतं.