वॉर्नरचं निव्वळ नशीब?
१९९९ मध्ये सेंट लुईस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी आलेल्या कर्ट वॉर्नरचं नशीब उघडलं, हे वॉर्नरवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. जागा रिकामी झाली, एवढंच. ती भरायची तयारी आयोवा बार्नस्टॉर्मर्स या संघाकडून अरीना फुटबॉल (याच खेळाचा इनडोअर प्रकार) खेळताना झाली होती, आणि लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही! जेमतेम ५० यार्डांचं बंदिस्त मैदान, अंगावर धावून येणारे बचावपटू; चेंडू झटक्यात हातातून सुटायलाच हवा.

मी तेव्हा सेंट लुईसला होतो. सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, १६-१६ अशी बरोबरी, शेवटची दोनेक मिनिटं. प्रतिस्पर्धी टेनेसी टायटन्सचा जेव्हन कर्स वॉर्नरवर आदळतोय आणि त्याच क्षणी चेंडू सुटतो, रॅम्सच्याच आयझॅक ब्रूसकडे. ७३ यार्ड, टचडाउन, म्हणजे सहा गुण! मित्राच्या घरी आम्ही सगळे सोफ्यावरून ताडकन उठलो होतो. त्याच्या पाच वर्षं आधी हाच वॉर्नर रात्रपाळीला किराणा दुकानात माल लावत होता, तेही लिहायला हवं होतं.