डोंबिवलीच्या टू बीएचकेच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, आम्ही केलेल्या तुमच्या घराच्या रंगकामाचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तुम्हाला खूप त्रास झाला हे समजतंय आणि गणपतीत घरी पाहुणे असताना बेडरूमची एक भिंत उघडी राहिली याचं मलाही वाईट वाटतं. पण तुम्ही जे चार मुद्दे लिहिलेत, म्हणजे दिवस दुप्पट लागले, पुट्टी-प्रायमरचे पैसे वेगळे लावले, दरवाजे मशीनने न घासता पाण्याने घासत बसलो आणि बेडरूमची भिंत अर्धवट टाकून गेलो, त्यावर मला सविस्तर लिहायचंय कारण हे वाचून उद्या दुसरं कोणी पेंटर ठरवणार आहे आणि त्यांना पूर्ण गोष्ट कळायला हवी.

आधी दिवसांचं. दुसऱ्या पेंटरने तुम्हाला चार दिवसांत आणि निम्म्या पैशात करून देतो असं सांगितलेलं, खरंय, पण ते कोटेशन डायरेक्ट कलरचं होतं, जुन्या रंगावर नुसते दोन हात, म्हणजे दोन थर. तुमच्या हॉलची अवस्था बघायला आलो तेव्हा मी तुमच्यासमोरच भिंतीला चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली, आठवतंय का, रंगाचा अख्खा पापुद्रा पट्टीला चिकटून आला आणि खाली पांढरी भुकटी दिसली, बोट फिरवलं तर बोट पांढरं. तो जुना चुना होता, मागच्या वेळी कोणीतरी तो न काढता वरून डिस्टेंपर मारलेला. चुन्यावर काहीच धरत नाही, त्यावर कितीही महागातला रंग मारा, नवीन रंग वाळताना आकसतो, खालच्या थराला ओढतो आणि काही महिन्यांत पोपडे निघतात. म्हणून हॉल पूर्ण खरवडून प्लास्टरपर्यंत नेला, भिंत धुतली, मग व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात. ही पुट्टी पातळच ओढावी लागते, दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास, एकाच हातात जाड थापली तर तडे जातात, आणि कालवल्यावर दोन-तीन तासांत संपवावी लागते म्हणून मुलं थोडी थोडीच कालवत होती, तुम्ही लिहिलंय की पोरं सारखी थांबत होती, ती त्यासाठी थांबत होती. त्यात ऐन पावसाळा, हवेत इतका दमटपणा की एक हात वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ. ओल्या पुट्टीवर प्रायमर मारून तारीख गाठता आली असती, मी ते करत नाही.

पुट्टी-प्रायमर वेगळे का लावले तर कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून तीन ओळी वेगळ्या आहेत, खरवडणे-पुट्टी, प्रायमर, रंग, आणि तुमच्या मिस्टरांनी तेच कोटेशन ओके केलंय. मी मुद्दाम वेगळं लिहितो कारण एकत्र रेट दिला की गिऱ्हाईकाला कळतच नाही कुठे कापलं ते. कापायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे प्रायमर, डोळ्याला दिसत नाही ना. पण पुट्टी कुठे जास्त शोषते कुठे कमी, प्रायमर नसेल तर रंग वाळल्यावर ढगासारखे डाग दिसतात, आणि तुम्ही निवडलेला शेड शीनवाला, म्हणजे चमक असलेला, त्यात प्रत्येक उंचवटा दिसतो. रात्री टॉर्च भिंतीला चिकटून तिरपा मारून आम्ही जिथे जिथे सावली पडली तिथे पेन्सिलने गोल केले आणि परत घासलं, त्या गोलांना तुम्ही भिंत खराब केली असं लिहिलंय, आज हॉलमध्ये एक तरी गोल दिसतोय का सांगा.

आता दरवाजे, आणि इथे मला खरंच मनापासून सांगायचंय. बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, दरवाज्यांवर ऑइल पेंटचे किती थर आहेत देव जाणे. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या-लाल-हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं. तुमच्या दरवाज्यांचा खालचा थर तर हिरवाच निघाला. सँडर मशीन लावलं असतं तर एका दिवसात झालं असतं हे तुमचं बरोबर, पण ती बारीक धूळ घरभर उडते, फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते, आणि तुमचा नातू रांगतोय, सगळं तोंडात घालतोय. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद), पाण्याची बादली, ओलं घासायचं, चिखल फडक्याने पुसून पिशवीत भरायचा. वेळ लागतो, फरशी ओली राहते, मान्य. घरात बाळ असेल तर मी पुढेही असंच करणार, कोणी शून्य स्टार दिले तरी.

आणि बेडरूमची पश्चिमेची भिंत. पाऊस सगळा तिकडूनच झोडपतो, खिडकीच्या छज्जाखाली बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे आणि शेजारून पाइप गेलाय. खरवडल्यावर आत लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, लागलेला दिसला, कापसासारखा पांढरा. आम्ही फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून लावलं, दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला थेंब जमलेले, तुमच्या मिस्टरांनी फोटो काढलाय. खोलीकडच्या बाजूला जमले असते तर घरातला दमटपणा म्हटलं असतं, आतून जमले म्हणजे पाणी भिंतीतच आहे. त्या पाण्याबरोबर विटेतले-प्लास्टरमधले क्षार पुढे येतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच फुगतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात. आतून वॉटरप्रूफ कोट मारा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला, तो मारला की पाणी थांबत नाही, एकतर कोट प्लास्टरसकट सुटतो नाहीतर ओल शेजारच्या भिंतीत सरकते. मी त्याच दिवशी सांगितलं की बाहेरून चीर बुजल्याशिवाय आणि भिंत सुकल्याशिवाय ही रंगवणार नाही. गणपतीपुरती तरी मारून द्या असं तुम्ही म्हणालात, मला नाही पटलं, तुमचेच पैसे दिवाळीपर्यंत खाली गळून पडले असते. त्या भिंतीच्या पुट्टीचे, प्रायमरचे, रंगाचे पैसे बिलात नाहीयेत, फक्त खरवडायची मजुरी आहे, बिल परत एकदा बघा.

पुढचं असं. बाहेरच्या भिंती आणि पावसाची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते, मॉडेल बायलॉजमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, तसंच आहे, त्यामुळे फोटो लावून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, नुसतं तोंडी सांगून होत नाही हे मी कित्येक घरांत बघितलंय. पाऊस संपला की चीर आणि पाइपचा जॉइंट बाहेरून करून घ्या, कोणाकडूनही करा, माझ्याकडूनच करा असं नाही. मग भिंत महिना-दीड महिना उघडीच राहू दे, कपाट लावू नका, खिडकी उघडी ठेवा. नंतर मी परत प्लास्टिक लावून बघीन, कोरडं निघालं तर लोणा कोरड्या ब्रशने झाडून पुट्टी-प्रायमर-रंग, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत, कारण शीनवाल्या रंगात मधेच ठिगळ मारलं तर कायम दिसतं. रेट आत्ताच्या कोटेशनचाच. शेड नंबर बिलाच्या मागे लिहिलाय आणि न उघडलेला डबा लॉफ्टवर ठेवलाय तो बाल्कनीत उन्हात ठेवू नका. पत्र लिहायला मदत लागली तर फोन करा, मजकूर पाठवतो.