त्या ९२ गुणांत गुंठ्याला किती पिकलं हे कुठेच नव्हतं

आज सकाळी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गेटाशी शनिवारचा बाजार लागला होता. शहापूरकडचे एक काका तांदूळ घेऊन बसले होते. एक-एक किलोच्या खाकी पिशव्या आणि प्रत्येकीवर हिरवं स्टिकर, 'शाश्वतता गुण ९२/१००'. क्यूआर कोड स्कॅन केला की हिशोब दिसतो: रसायनमुक्त ४०, देशी वाण २०, पेंढा जाळत नाही १०, कागदी पिशवी १०, जवळच्या बाजारात विक्री १२. आठ गुण कापलेत, कारण सौर पंप नाही.

सौर पंप! पावसाळी भाताला! जुलैत शहापूरच्या खाचरात पाणी आणायचा प्रश्न नसतो, बाहेर काढायचा असतो.

एका गृहस्थांनी ११० चा भाव ९० वर आणला. पिशव्या उचलता उचलता विचारलं, "हे सस्टेनेबल आहे ना नक्की?" काका म्हणाले, "साहेब, गुंठ्याला बावीस किलो भात निघालं. आधी पस्तीस निघायचं." गृहस्थ फोनवरून पैसे पाठवत होते, त्यांच्या कानावरून गेलं. त्या पूर्ण बाजारात शाश्वततेबद्दल कुणी कामाचं बोललं असेल तर ते तेवढं एकच वाक्य.

शंभर गुंठ्यांचा साधारण एक हेक्टर होतो, म्हणून गुंठ्याला जितके किलो तितके हेक्टरी क्विंटल. म्हणजे काका ३५ क्विंटलवरून २२ वर आलेत. तीन वर्षं युरिया बंद आहे. बैलजोडी गेली, शेणखत आटलं, आता वीस गुंठ्यांना जेमतेम पाच-सहा क्विंटल पडतं. पेंढा तबेल्याला विकतात. जाळत नाहीत, म्हणून दहा गुण.

आता जमाखर्च मांडू. अवघड काही नाही, दुकानदार रोज मांडतो तसाच. वीस गुंठ्यांत ४४० किलो भात निघालं. टनामागे दाणा आणि पेंढा मिळून साधारण १८ किलो नत्र (नायट्रोजन) उचललं जातं, म्हणजे आठेक किलो गेलं. शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे अडीच-तीन किलो आलं. उभ्या पाण्यातलं निळंहिरवं शेवाळ हवेतलं नत्र धरतं, ते जमेला धरलं तर नत्राचं कसंबसं भागेल. मान्य. पण पालाश (पोटॅश) हवेतून येत नाही. स्फुरदही (फॉस्फरस) नाही. भातपिकाने उचललेलं बहुतेक पालाश पेंढ्यात राहतं. साडेचारशे किलो पेंढ्याबरोबर सहा-सात किलो पालाश टेम्पोत बसून तबेल्यात जातं आणि परत येतं दोन-सव्वादोन किलो. उरलेलं दरवर्षी मातीच्या ठेवीतून मोडायचं. आपण याला 'रसायनमुक्त' म्हणतो. बँकेत कुणी असं केलं तर मुद्दल खाल्लं म्हणतात.

आणि ज्या पेंढ्याने मुद्दल जातंय त्याच पेंढ्याला स्टिकरवर दहा गुण.

सेंद्रियवाले मित्र आता तुटून पडतील. पडा. कीटकनाशक कमी झालं हे चांगलंच झालं. ज्या डब्यावर अतिविषारीचा लाल त्रिकोण असतो तो डबा उघड्या हाताने ढवळणारी माणसं याच जिल्ह्यात आहेत. २६६ रुपये ५० पैशांत ४५ किलोची गोण मिळते म्हणून उभ्या पाण्यात मुठीने युरिया फेकणाऱ्यांची बाजूही मी घेणार नाही. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. उरलेलं संध्याकाळच्या सरीबरोबर बांधावरून ओढ्यात. पिकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा आला तरी खूप. हे पापच आहे. पण म्हणून उपाशी ठेवणं हा काय इलाज झाला?

इलाज कोकणात कधीचा तयार आहे, चारसूत्री भात लागवड. डॉ. एन. के. सावंतांनी ती घडवली. भाताच्या तुसाची राख दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात मिसळायची, त्यातून रोपांना सिलिका मिळते. बांधावरच्या गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) कोवळा पाला चिखलणीच्या आधी खाचरात पसरायचा, हेक्टरी तीनेक टन. तिसरं सूत्र नियंत्रित लावणीचं: खुणा केलेली दोरी धरून १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून, चुडात, म्हणजे एका जागी, दोन-तीनच रोपं. त्यामुळे चार चुडांचा एक छोटा चौकोन तयार होतो. चौथं सूत्र म्हणजे त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची.

हिशोब बघा किती नेटका आहे. ४० बाय ४० सेंटिमीटरला एक चौकोन, हेक्टरी ६२,५०० चौकोन, तितक्याच ब्रिकेट, वजन सुमारे १७० किलो. युरिया-डीएपीच्या ६०:४० प्रमाणात नत्र ५८-५९ किलो आणि स्फुरद ३१ किलो. एरवी वरून फेकायच्या खताची शिफारस शंभर किलो नत्राची असते. काकांच्या वीस गुंठ्यांना साडेबारा हजार ब्रिकेट लागतील, म्हणजे ३४ किलो. गोणभरसुद्धा नाही! गोळी चिखलात, हवेपासून लांब, जिथे प्राणवायू नाही तिथे हळूहळू विरघळते आणि मुळं तिच्याकडे जातात. पाणी वाहून गेलं तरी बरोबर फारसं नेत नाही.

गोष्टी बिघडतात, तेही सांगतो. लावणीच्या त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खोचायला हवं. चिखल बसला की बोट आत जात नाही, गोळी वरच राहते आणि मग ती फेकलेल्या युरियासारखीच. मुरमाड, पाणी झिरपणाऱ्या खाचरात नत्र खाली निघून जातं, तिथे हा खटाटोप करू नये. पुडकं उघडं राहिलं तर आपल्याकडच्या दमट हवेत गोळ्यांचा भुगा होतो. पाला उशिरा घातला तर तो खाचरात कुजताना नव्या रोपांना पिवळं पाडतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कंबर. साडेबारा हजार वेळा वाकायचं, तेही लावणीच्या दिवसांत, जेव्हा मजूर मिळत नाही. ही पद्धत गावागावांत का पसरली नाही, याचं उत्तर सेमिनारमध्ये शोधू नका, त्या कमरेत शोधा.

आता मजा. काकांनी पुढच्या वर्षी ३४ किलो ब्रिकेट खोचल्या, बांधावर गिरिपुष्प लावलं, अर्धा पेंढा शेतात ठेवला तर स्टिकर काय म्हणेल? रसायनमुक्तचे ४० गेले. ९२ चे झाले ५२. माती सुधारली, धान्य वाढलं, आणि शेती 'अशाश्वत' झाली!

कुणी म्हणेल, काकांना ९० रुपये तर मिळाले ना? ४४० किलो भाताचा गिरणीतून २८५ किलो तांदूळ धरला तर साडेपंचवीस हजार. जुनं ७०० किलो भात २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने दिलं असतं तर साडेसोळा हजार. बरं, फायदा दिसतो, नाही म्हणत नाही. पण हा हिशोब प्रत्येक पिशवी विकली गेली तर. घरी खायला लागतो तो वेगळा; भरडाई, पिशव्या, टेम्पो, अख्खा शनिवार आणि स्टिकरवाल्यांचं कमिशन वेगळं. आज दुपारी बारापर्यंत निम्म्या पिशव्या तशाच होत्या.

आणि तेच ७०० किलो भात २२ च्या हिशोबाने पिकवायचं तर वीसच्या जागी बत्तीस गुंठे लागतात. वरचे बारा गुंठे कुठून येणार? खाचर वाढत नाही. वाढते ती वरकस, उताराची जमीन, जिथे आज गवत आणि ऐनाची झाडं आहेत. ती नांगरली की पहिल्या पावसात माती खालच्या ओढ्यात. म्हणून निसर्गावरचा भार मोजताना हेक्टरी मोजा आणि किलोमागेही मोजा. एकाच आकड्याने कुणीही कुणालाही फसवू शकतो, खतवाले आणि स्टिकरवाले दोघेही.

मिथेनचंही तेच. खाचर जितके दिवस पाण्याखाली तितका मिथेन. पीक कमी आलं म्हणून तो त्या प्रमाणात कमी होत नाही. उत्पन्न घटलं की किलोमागचा मिथेन वाढतो. अर्धवट कुजलेलं शेणखत चिखलात घातलं तर आणखी वाढतो, नीट कुजलेल्याने तितका नाही. पाणी आलटून पालटून तोडायची पद्धत चांगली आहे: भोकं पाडलेला ३० सेंटिमीटरचा पाइप निम्मा जमिनीत गाडायचा, आतलं पाणी १५ सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा भरायचं, फुलोऱ्यात मात्र तोडायचं नाही. पण ती उन्हाळी भाताला. श्रावणात पाणी तोडणार कसं? वरून ओततंय. तरी उद्या एखादं स्टिकर त्याचेही गुण कापेल, बघा.

पाण्यावरून मात्र माझं डोकं खरंच फिरतं. "एक किलो तांदळाला हजारो लिटर पाणी" हे पोस्टर त्याच बाजारात लावलं होतं. अरे, पंजाबात ते पाणी बहुतेक बोअरमधून उपसलेलं असतं. इथे ते आभाळातून पडलेलं आहे, भात लावलं नसतं तरी पडलंच असतं. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. तिथलं पाणी पाइपाने आपल्या शहरांच्या नळांना येतं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातो. आणि पाण्याचा धडा कुणाला द्यायचा, तर काकांना?

थांबतो. चहा घेऊन आलो.

मोजू नका असं म्हणणं नाही. मोजाच, पण नीट. जागतिक अन्न व कृषी संघटनेने शाश्वत शेतीसाठी जे निर्देशक ठरवलेत त्यात अकरा बाबी आहेत. हेक्टरी उत्पादनाचं मोल आहे, निव्वळ उत्पन्न आहे, मातीची झीज, पाणी, खत, कीटकनाशक, जैवविविधता आहे. आणि मजुराची मजुरी, घरातली अन्नाची चणचण, जमिनीवरचा हक्क हेही आहे. प्रत्येकीला हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा. यांची बेरीज करत नाहीत. देशाचा निकाल ठरतो तो सगळ्यात वाईट निघालेल्या बाबीवरून. घरात चार भिंती मजबूत आणि एक पडकी असेल तर सरासरी काढून आपण तिथे झोपत नाही.

मातीचं मोजमापही तसंच. मृद आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात, पण कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेतात. तो तुमच्याच खाचराचा असेल असं नाही. स्वतःचा घ्यायचा तर कापणीनंतर, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा पंधरा सेंटिमीटरचा खड्डा, कडेची पातळ चकती, सगळं एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो ठेवायचं. बांधाजवळ नाही, झाडाखाली नाही, खताच्या ढिगाच्या जागी तर अजिबात नाही. दरवर्षी तोच महिना आणि तीच खोली. सेंद्रिय कर्ब (मातीतला कार्बन) ०.५ टक्क्यांवरून ०.६ व्हायचा म्हणजे हेक्टरी वरच्या थरात सुमारे दोन टन कर्ब टिकून राहायला हवा. दहा टन शेणखतात जेमतेम तेवढाच असतो आणि त्यातला बराचसा वर्षभरात हवेत जातो. म्हणून "एका वर्षात कर्ब वाढला" असं कुणी सांगितलं तर नमुना कुठून घेतला ते विचारा, बहुतेक उकिरड्याजवळून असेल.

साधीही चाचणी आहे. सहा इंच व्यासाचं पत्र्याचं कडं जमिनीत ठोकायचं, त्यात ४४४ मिलिलिटर पाणी ओतायचं, म्हणजे साधारण एक इंच पाऊस झाला, आणि तो मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. खाचरात मुद्दाम चिखलणी केलेली असते, तिथे हे निरर्थक. वरकस जमिनीत आणि भाजीच्या वाफ्यात करा.

ते गृहस्थ वाईट नव्हते. मॉल सोडून गेटाशी आले, पिशवी घरून आणली होती. मुलीला स्टिकर वाचून दाखवत होते. त्यांना विचारायला कुणी शिकवलंच नाही, आणि ज्यांनी शिकवायचं त्यांनी ९२ लिहून विषय मिटवला. पुढच्या शनिवारी एवढं विचारा: गुंठ्याला किती आलं, पेंढ्याचं काय केलं, शेणखत किती पडलं. काका बोलतील. आज वाटच बघत होते.

साडेबाराला टेम्पोत उरलेल्या पिशव्या चढवताना काकांनी स्टिकरवाल्यांच्या पोराला विचारलं, "लावणीला थोडं खत लावलं तर हे काढून घेणार का रे?"

तो म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो.