बंद कारखान्याची माती शुद्ध कशी करावी : एका शेजाऱ्याचा सल्ला

तुमच्या रानाच्या बांधाला लागून एखादा कारखाना बंद पडलाय? जमिनीतली ऑइलची टाकी गळून माती डांबरासारखी झालीय? घाबरू नका. तेल खाणारे जिवाणू पोत्यात भरून मिळतात. आमच्याकडं मे महिन्यात हा सोहळा पार पडला, त्यावरून सांगतो.

मुहूर्त दुपारी 12 चाच धरा. पारा 42 वर असला की जिवाणूंना हुरूप येतो.

पाणी मारू नका. टँकरचं पाणी माणसांना पुरेना, तिथं न दिसणाऱ्या जीवांचे लाड कशाला?

नमुना फाटकाजवळच्या लिंबाखालचा घ्या, जिथं वॉचमननं मेथी लावलीय. टाकीकडं फिरकू नका, बूट खराब होतात.

शिसं, क्रोमियम असलं तर तेही जिवाणू फस्त करतील असं अहवालात ठोकून द्या. शिसं कुजत नसतं, पण वाचतंय कोण?

आणि नांगरट? छे! पावडर वरून भुरभुरायची, फोटो काढायचा, जीपमध्ये बसायचं. हे जिवाणू हवेवर जगतात आणि आपली काळी चिकण माती भिजली की फुगून गच्च बसते, आत हवा शिरत नाही, म्हणून ती सारखी वरखाली करावी लागते, हे ज्याला कळत नाही त्याला काम देतं कोण? कच्ची पऱ्हाटी गाडली तर वरून युरिया टाकावा लागतो, हे माझ्या सालगड्याला कळतं. तेलाचंही तेच. तेलातल्या 100 किलो कार्बनमागं जिवाणूंसाठी साधारण 10 किलो नत्र नि 1 किलो स्फुरद धरतात. इथं खताची एक चिमूट पडली नाही! पोत्यावरच्या सूचना तरी वाचायच्या होत्या. पावडर टाकणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणतो, "काका, मला फक्त टाकायला सांगितलंय."

बास झाली थट्टा. साहेब, जिवाणूंना नावं ठेवत नाही मी. 'टेरी' या संशोधन संस्थेनं आपल्याच देशात 'ऑइलझॅपर' हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण बनवलं, तेलाचा गाळ त्यानं साफ झालेला आहे. पण तिथं महिनोन्‌महिने माती उलथली, ओल राखली, पुन्हापुन्हा तपासली. तुम्ही एका दुपारीत उरकलंत आणि बिल काढलंत. माझ्या विहिरीवर अजून तवंग आहे, वासरू बादलीला तोंड लावत नाही. आता पावडर नको. ट्रॅक्टर पाठवा, टँकर पाठवा, टाकीशेजारची माती तपासा. तेवढंही होत नसेल तर फाटकावरचा 'जागा शुद्ध' हा बोर्ड आज उतरवा. तो वाचून गावातली पोरं आत क्रिकेट खेळायला लागलीत.